त्या दोनाचं वजन

५३ ग्रॅम! कागदावर उत्तर आलं ५३ आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यानंही दाखवले ५३. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय.

गणित अगदी शाळेतलं. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, चांगला तापवला की त्याचा धुण्याचा सोडा होतो. पाण्याची वाफ जाते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. मग ८४ ग्रॅम सोडा तापवल्यावर मागे किती उरेल? समीकरण मांडायचं, दोन्ही बाजूंचे अणू मोजायचे. खाण्याच्या सोड्याच्या सूत्रात सोडिअम एक, धुण्याच्या सोड्यात दोन. म्हणून डावीकडे २ लिहायचा.

पण हा २ येतो कुठून? सगळी मौज इथंच आहे! कार्बोनेट म्हणजे एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन. हे चौघे आपसांत इलेक्ट्रॉन वाटून घेऊन सहसंयुज बंधांनी घट्ट बांधलेले, आणि अख्ख्या गटावर ऋणप्रभार दोन. सोडिअम देऊन देऊन देणार एकच इलेक्ट्रॉन. म्हणजे एका कार्बोनेटला दोन सोडिअम लागणारच! बायकार्बोनेटमध्ये त्यांतली एक जागा हायड्रोजननं धरलेली असते, म्हणून तिथं एका सोडिअमवर भागतं. तापवताना पाणी नि कार्बन डायऑक्साइड सुटून गेले की दोघांचे दोन सोडिअम उरलेल्या एका कार्बोनेटच्या वाट्याला येतात. तो २ हिशेब जुळवायला घुसडलेला नाही, तो बंधांनी मागून घेतलेला आहे.

आणि त्याला वजन आहे! सोडिअम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, तीन ऑक्सिजनचे ४८. बेरीज ८४, दुप्पट १६८. उजवीकडे धुण्याचा सोडा १०६, पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४. करा बेरीज. १६८! अठराव्या शतकात लाव्हाझिएनं तराजूच्या जोरावर ठामपणे मांडलेला द्रव्य अक्षय्यतेचा नियम आपल्या वहीत, पेन्सिलीनं. सगळ्याचं निम्मं केलं की ८४ ला ५३.

सोडा ट्रेमध्ये पातळ पसरला, ओव्हन २०० अंशांवर, आणि वजन घटायचं थांबेपर्यंत मधूनमधून तोलत राहिलो. (करून बघणार असाल तर उरलेली पूड हाताळताना जपा, धुण्याचा सोडा त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतो.)

गेलेल्या ३१ ग्रॅमचं तर काय सांगू! त्यांत ९ ग्रॅम पाणी, २२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. २२ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल, आणि खोलीतल्या तापमानाला अर्धा मोल वायू साधारण १२ लिटर जागा व्यापतो. त्या मूठभर पांढऱ्या पुडीत बादलीभर वायू बसला होता, आणि तो किती हे पुडीला हात न लावता आधी सांगता येतं!

आता मला जे दिसेल त्याचं समीकरण मांडावंसं वाटतं. चुनखडी घ्या. तिच्या कॅल्शिअमवर धनप्रभारच दोन, म्हणून एका कार्बोनेटला एकच कॅल्शिअम पुरतो, पुढं २ लिहायची गरजच नाही. भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड जातो, ५६ किलो कळीचा चुना उरतो. तो १८ किलो पाणी पितो, तापतो, फुलतो आणि ७४ किलो विरलेला चुना होतो. आणि भिंतीला दिल्यावर तो हवेतून तेवढाच, बरोबर ४४ किलो, कार्बन डायऑक्साइड परत घेऊ शकतो, १८ किलो पाणी सोडून पुन्हा १०० किलो चुनखडी!