एक फोन तर करून बघा!

लाँग वीकएंडची चाहूल लागली की ऑफिसातलं वातावरण कसं मस्त बदलतं ना! लंच टाइममध्ये एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. ‘अगं, चाळीस टक्के ऑफ आहे!’, ‘एकच रूम उरलीय, पटकन कर!’ दोन मिनिटांत कार्ड नंबर, ओटीपी… झालं बुकिंग! ज्या हॉटेलात झोपायचं, तिथल्या एकाही माणसाशी न बोलता.

मी फ्रीलान्स पत्रकार. कामासाठी सतत फिरणं आणि हॉटेलचं बिल बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून. त्यामुळे ‘साइटवरून बुक करायचं की थेट हॉटेलला फोन लावायचा’ हा माझ्यासाठी बजेटचा प्रश्न आहे. आणि एकटी फिरणारी मुलगी म्हणून सुरक्षिततेचाही.

आधी पैशांचं बघू. साइट काही समाजसेवा करत नाही. प्रत्येक बुकिंगमागे ती हॉटेलकडून कमिशन घेते. ते पंधरा टक्के धरलं, तरी दोन हजारांच्या खोलीतले तीनशे रुपये तिथेच गेले. मग हॉटेलवाला आपल्या वेबसाइटवर ती खोली स्वस्तात का देत नाही? कारण काही वेळा करारानेच त्याचे हात बांधलेले असत. हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑक्टोबर २०२२मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आमच्यापेक्षा कमी दर दुसऱ्या साइटवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवरही लावायचा नाही, अशी अट हॉटेलांवर होती. दुसऱ्या साइटबाबतची ती अट काढून टाका, असं आयोगाने बजावलं. स्क्रीनवर दर सारखाच दिसला, तरी फोनवर ‘नाश्ता धरून किती?’ असं विचारलं की गाडी पुढे सरकते, हा माझा अनुभव.

आता पैसे बाजूला ठेवू. काही गावं साइटच्या नकाशावर जवळपास नसतातच. जालना जिल्ह्यातलं वडीगोद्री घ्या. अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. जून २०२४मध्ये तिथे ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांचं उपोषण सुरू होतं. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने गाजलेली अंतरवाली सराटीही तिथून जवळच. गाव एकदम बातम्यांत. सगळीकडे कॅमेरे आणि गाड्या.

मीही पुण्याहून निघाले. साइटवर गावाचं नाव टाकलं, तर समोर आली ती छत्रपती संभाजीनगरची हॉटेलं! तिथून रोज ये-जा करायची तर दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यातच. शेवटी तिकडच्या एका ओळखीच्या बातमीदाराने महामार्गावरच्या लॉजचा नंबर दिला. मी विचारलं, ‘एकटीच आहे, पोचायला उशीर होईल. रात्री तिथे कोण असतं?’

पलीकडून उत्तर आलं, ‘ताई, एसी बंद पडलाय, खोटं कशाला सांगू? कूलर लावून देतो. आई अन् बायको हितंच मागं राहत्यात. कितीबी उशीर होऊ द्या, फोन करा, गेट उघडतो.’

भाडं आठशे रुपये. रात्री साडेअकराला पोचले, तेव्हा गेट उघडं होतं आणि कूलर चालू. खोली साधीच, पण मी निवांत झोपले. साइटवरच्या फोटोंत एसी कायम चालूच असतो. तो बंद आहे हे सांगायला माणूस लागतो!

म्हणून साइट वाईट असं मुळीच नाही. अनोळखी शहर, मध्यरात्रीची ट्रेन, ऐन वेळी बदलू शकणारा प्लॅन… अशा वेळी तिथलं फ्री कॅन्सलेशन आणि दहा लोकांचे रिव्ह्यू मोलाचे वाटतात. पण एका साइटवरून बुक करून रात्री हॉटेलात गेले, तर काउंटरवर ‘मॅडम, आमच्याकडे बुकिंग आलंच नाही’ हेही ऐकलंय. हॉटेल साइटकडे बोट दाखवतं, साइट हॉटेलकडे आणि आपण बॅग घेऊन मध्ये उभे!

थेट फोनलाही पथ्यं आहेत बरं का. इंटरनेटवर हॉटेलांच्या नावाने खोटे नंबर टाकून लोकांना फसवलं जातं. तेव्हा नंबर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा ओळखीतून घ्या. एमटीडीसीचं रिसॉर्ट हवं असेल, तर त्यांच्याच अधिकृत साइटवर जा. अनोळखी खात्यात पूर्ण रक्कम टाकू नका. ठरलेला दर, तारीख, चेक-इनची वेळ मेसेजवर लिहून मागा.

थोडक्यात काय, शोधायचं साइटवर, विचारायचं फोनवर आणि मग ठरवायचं. फोनवर तीन प्रश्न पुरतात : आज खोलीत काय चालू आहे, रात्री दार कोण उघडेल आणि थेट घेतली तर किती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं धड मिळाली, तर तिसऱ्यात शंभर रुपये जास्त गेले तरी चालतील. आपल्या झोपेची तेवढी किंमत नक्कीच आहे, नाही का?