अंगावरचा चौक

कोळगावात आमच्या घरी टी-शर्ट छापण्याचा उद्योग सुरू झाला तो इस्त्रीच्या टेबलावर. ट्रान्सफर पेपर आणला, वारली नक्षीखाली गावाचे नाव टाकून प्रिंटरवर छापले आणि वाफ बंद ठेवून इस्त्री दाबून धरली. कागद सोलला तो 'कोळगाव' उलटे! चित्र आरशातल्यासारखे फिरवून छापायचे असते, हे आम्हां शहाण्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

खरी अडचण पुढेच होती. वारली चित्र म्हणजे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. आणि घरच्या प्रिंटरात पांढरी शाई नसते. पांढऱ्या सदऱ्यावर नुसता तपकिरी पापुद्रा चिकटला, रेघ म्हणजे उघडे राहिलेले कापड. मग गेरूरंगी सुती टी-शर्ट घेतला, लाकडी चौकटीवर जाळीचे कापड ताणले, कागदी साचा कापला आणि पांढरा कापडरंग रबरी पट्टीने ओढायचे ठरवले.

साचा होता लग्नचौकाचा, मध्ये पालघट देवी. रंग ओतताना हात थबकला. हा चौक लग्नघरात सवाशिणी लिहितात. पुढे गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रकला कागदावर आणि जगापुढे नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सारे खरे. पण भिंतीवरची देवी घामाच्या कपड्यावर घेऊन लोकलमध्ये चढायचे, मग तिला पिळून वाळत घालायचे?

आम्ही तारपा नाचाचा साचा कापला. रंग वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली; धुण्यात टिकला. चौकाचा साचा कपाटावर आहे. तो टाकवत नाही.