गावाकडचे जेवण, ताट साडेचारशे रुपये

आमच्या थोरलीने दहावीला ८१ टक्के मिळवले. बक्षीस काय हवे विचारले, तर तिने मोबाईल मागितला नाही की कपडे मागितले नाहीत. तिला थीम पार्क बघायचे होते. मैत्रिणीच्या फोनमध्ये तिने फोटो पाहिले होते. पाण्याच्या घसरगुंड्या, मोठाले पाळणे आणि बाजूलाच राहण्याची सोय. शिवाय तिथे म्हणे एक अख्खे जुने गाव उभे केले आहे आणि त्या गावात चुलीवरचे जेवण मिळते. धाकट्याला घसरगुंडीचे वेड, थोरलीला गाव बघायचे होते आणि मला, खरे सांगते, दोन दिवस स्वयंपाकघरातून सुटका हवी होती.

मी चिखलीला एका पतपेढीत लिपिक आहे. हे एसटीत मेकॅनिक. सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच माय म्हणतो, त्यांचे आयुष्य मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात निंदणी-खुरपणीत गेले. वय सत्तरीच्या पुढे. हॉटेलात मुक्काम त्यांनी कधी केलेला नव्हता. भिशीचे पैसे आले होते. हिशोब मांडला. मोठ्या माणसांचे प्रत्येकी २,४०० आणि मुलांचे १,६०० म्हणजे पाच जणांचे १०,४०० रुपये. त्यात प्रवेश, एक रात्र मुक्काम, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता. दुपारचे जेवण ज्याचे त्याने घ्यायचे. गाडीभाडे वेगळे. पैसे भरताना माझा हात जरा थरथरला. पण पोरीने वर्षभर पहाटे चारला उठून अभ्यास केला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. सिंदखेडराजाला समृद्धी महामार्गावर चढलो. हा रस्ता आपल्या जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या चार तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पाही खुला झाला. रस्ता सपाट आणि सरळ, वाहनही भरधाव. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खाजगी बस पेटून २५ माणसे गेली, ती जागा आली तेव्हा गाडीत कोणी बोलले नाही. माय हात जोडून बसल्या.

मी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. पीठ दुधात भिजवले, पाण्याचा थेंब लावला नाही, म्हणजे दशमी दोन दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. कापडी पिशवीत बांधून घेतले. दुपारी बाराच्या सुमारास पार्कच्या दारावर पोहोचलो, तर पहारेकऱ्याने पिशव्या उघडायला लावल्या. "बाहेरचं खाणं आत चालत नाही, ताई." मी म्हटले, "म्हातारं माणूस आहे सोबत." तो म्हणाला, "मला कळतं, पण माझी नोकरी आहे." त्याने चिठ्ठी लिहिली, पिशवीवर नंबर टाकला आणि ती खोलीत ठेवली. पाण्याच्या बाटल्याही ओतायला लावल्या. माय विचारतात, "काऊन बाप्पा, आपल्या भाकरीनं याइचं काय इटाळते?" आम्ही हसलो, पण तो शब्द मायच्या तोंडून आल्यावर हसू फार टिकले नाही.

आत गेल्यावर आधी घसरगुंड्या झाल्या. त्याबद्दल तक्रार नाही, मुलांना आनंद झाला. दोन वाजता भुकेने पोट कोकलू लागले म्हणून सगळे "गावा"कडे वळलो. वेशीवर कमान, त्यावर "बारा बलुतेदारांचे गाव" असे मोठ्या अक्षरांत. आत पिंपळाचा पार, पाटलाचा वाडा, सावकाराची पेढी, मारुतीचे देऊळ आणि एक विहीर. फेटे बांधलेली पोरे "या पाहुणं" म्हणून स्वागत करतात. जेवणाची जागा वाड्याच्या ओसरीवर. नंबर लागायला पाऊण तास गेला.

आता त्या ताटाबद्दल सविस्तर लिहिते, कारण साडेचारशे रुपये मोजले आहेत. भाकरी आली ती गार आणि कडक. ज्वारीच्या भाकरीचे कसे असते हे आपल्या बायाबापड्यांना सांगायला नको. पीठ ताजे पाहिजे, जुने झाले की थापताना काठ चिरतात. गरम पाण्यात मळले पाहिजे, आणि तव्यावरून उतरली की ताटात आली पाहिजे. ही सकाळी करून डब्यात भरून ठेवलेली. झुणक्याला कच्च्या डाळीच्या पिठाचा वास, म्हणजे वाफ दिलेलीच नाही. वांग्याच्या भरतात वांगी उकडलेली होती, भाजलेली नव्हती. आणि ठेचा गोड! मिरचीच्या ठेच्यात साखर मी जन्मात पहिल्यांदा खाल्ली. तिखट न सोसणाऱ्या शहरातल्या पाहुण्यांसाठी तसे करतात असे वाढप्याने सांगितले. कोपऱ्यात चूल होती, नऊवारी नेसलेली एक बाई तिच्यापुढे बसली होती आणि लोक तिच्यासोबत फोटो काढत होते. मी वाकून पाहिले. लाकडे नीट रचलेली, पण पेटलेली नव्हती. खाली गॅसची शेगडी होती.

माय दोन घास खाऊन थांबल्या. दात नाहीत. ती भाकरी चावायची कशाने? दुधात कुस्करावी म्हटले तर दूध ताटात नाही, वेगळे घ्यावे लागते आणि तेही संपलेले.

बिल आले २,३४४ रुपये ६५ पैसे. आमचा धंदाच आकड्यांचा, म्हणून पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत. तीन ताटे १,३५०, मुलांची दोन ५००, पाण्याच्या तीन बाटल्या १८०, एकूण २,०३०. त्यावर "सेवाशुल्क" दहा टक्के, २०३ रुपये. आणि त्या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. मी व्यवस्थापकाला बोलावले आणि सांगितले की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, हॉटेलने सेवाशुल्क परस्पर बिलात लावायचे नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना कायम ठेवल्या. तो आधी म्हणाला, आमच्याकडे पद्धत आहे. मी म्हटले, १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, इथूनच लावते. दोन मिनिटांत नवे बिल आले, २,१३१ रुपये ५० पैसे. वाचकांनी हा नंबर लिहून ठेवावा. जीएसटी सरकारचा असतो, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क नाकारता येते.

मात्र पाण्याच्या बाटलीवर मी हरले. छापील किंमत २० आणि बिलात ६०. हे बेकायदा असणारच असे मला वाटले होते. चिखलीला आल्यावर ओळखीच्या वकील भाऊंना विचारले, तर ते म्हणाले, ताई, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितले आहे की हॉटेलात बसून पाणी घेतले तर छापील किमतीचे बंधन लागू नाही. तेव्हा तिथे भांडण्यात वेळ घालवू नये.

जेवता जेवता थोरलीला बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट आठवली. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला जाताना मसूर स्टेशनवर उतरलेली ती लेकरे, जवळ फराळाचा डबा भरलेला, पण रात्रभर पाणी मिळेना म्हणून उपाशी झोपलेली. ती म्हणाली, "आई, आपलं उलटं झालं. पाणी मिळालं, डबा दारावर राहिला." मी तिला तिथेच थांबवले. ही तुलना बरोबर नाही. तिथे जात आडवी आली होती, इथे धंदा आडवा आला. साठ रुपये दिले की इथे कोणीही बाटली हातात देतो आणि वर "मॅडम" म्हणतो. ती गोष्ट इतक्या स्वस्तात वापरायची नसते.

पण जातीचा विषय तिथून काही हलला नाही. जेवण झाल्यावर गाव बघायला निघालो. प्रत्येक घरापुढे पाटी आणि आत मातीचे पुतळे. माझी सवय, मी मोजत गेले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, कोळी, सोनार. नऊ. कमानीवर बारा लिहिलेले. पुन्हा एक फेरी मारली, देवळामागे जाऊन पाहिले, तिथे फक्त जनरेटर. राहिलेले तीन कोण, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावे लागू नये. महार, मांग आणि चांभार यांना वगळून त्यांनी गाव वसवले होते. आपल्याकडे निदान वेशीबाहेर तरी जागा होती!

थोरली संतापली. हे म्हणाले, जाऊ दे, करमणुकीची जागा आहे. माय मात्र विहिरीजवळ उभ्या होत्या. तिथे पोहरा आणि दोर ठेवलेला, पाणी शेंदताना फोटो काढायचा. मायने दोर धरला, पोहरा सोडला, भरला, वर ओढला आणि ओतून दिला. पुन्हा सोडला. असे चार-पाच वेळा. मागे फोटोवाल्यांची रांग लागली. लहानपणी त्यांच्या गावात विहिरीपाशी घागर घेऊन कोणी तरी वाढेपर्यंत बसावे लागायचे, हे त्यांनी आम्हाला पूर्वी सांगितले होते. तिथे काही बोलल्या नाहीत. थोरलीने विचारले, "आजी, आपलं घर कुठं आहे यात?" तर म्हणाल्या, "नाई हाय तेच बरं हाय. मले कायले पुतळा करून बसवतीन हे लोक?" मला अजून ठरवता आलेले नाही, नातीचे बरोबर की आजीचे.

रात्रीच्या जेवणाचा दणका मोठा होता. "छप्पन पदार्थ" अशी पाटी. मोजायला गेले तर त्यात लोणची, पापड, चटण्या धरलेल्या. पनीरच्या तीन भाज्या, तिन्हीचा रस्सा एकच, रंग वेगळा. नऊ वाजता पोहोचलो तोवर अर्धी भांडी रिकामी होती आणि पुन्हा भरायला कोणी येईना. पोळ्या पापडासारख्या. माय दहीभात घेऊन बसल्या, त्याला मीठ नाही. "मले मीठ दे रे बाप्पा" असे त्यांनी म्हटले आणि वाढणारा पोरगा एकदम वळला. "आजी, तुमी कुठच्या?" तो मेहकर तालुक्यातलाच निघाला, मायच्या गावापासून दोन कोसांवर. दहा मिनिटांनी कामगारांच्या मेसमधून दोन गरम पोळ्या आणि वाटीभर साधे वरण घेऊन आला. त्या दोन दिवसांतले खरे जेवण तेवढेच. मायने बोटे चाटून खाल्ले. पोराचे नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीला धक्का नको.

असे का होते, याचा मी परतीच्या वाटेवर विचार केला. पैसे आधी घेतलेले असतात. गिऱ्हाईक दाराच्या आत कोंडलेले असते, जवळपास दुसरी खानावळ नाही आणि स्वतःचा डबा आणता येत नाही. मग चांगली भाकरी करण्याचे कारणच उरत नाही. याच्या उलट आपली शेगावची कचोरी बघा. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ती सुरू केली. गाडी थांबणार काही मिनिटे, गिऱ्हाईक खिडकीतून हात काढणार, आवडली नाही तर पुन्हा घेणार नाही. ना फेटा, ना कमान. तरी आज ती नागपूर-मुंबईपर्यंत माहीत आहे. आम्ही मुलांना शेगावला नेतो तेव्हा पाच कचोऱ्यांत सगळ्यांचे समाधान होते.

गावाकडच्या जेवणाबद्दल आणखी एक. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ सालचे पुस्तक मिळाल्यास जरूर वाचावे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते ते त्यात आहे. त्यातले पुष्कळसे आपण सोडले. मृत जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार तर १९२७ च्या महाड परिषदेतच झाला. ते पदार्थ त्या रिसॉर्टने करावेत असे माझे म्हणणे नाही. पण निवडून निवडून फक्त पाटलाच्या ओसरीवरचे ताट मांडायचे आणि त्याला "अस्सल गाव" म्हणायचे, हे कसे?

सकाळी निघताना नोंदवही पुढे आली, अभिप्राय लिहा म्हणून. थोरलीने सुरेख अक्षरात लिहिले, "घसरगुंड्या छान. ठेच्यात साखर आहे. बारा बलुतेदारांत तीन कमी आहेत." खाली नाव, पत्ता, आणि शिक्षण: दहावी उत्तीर्ण.

दारावर चिठ्ठी दाखवून पिशवी घेतली. कालचाच पहारेकरी होता. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याने ती खिळ्याला टांगून ठेवली होती. त्याला चार दशम्या दिल्या, आधी नको म्हणाला, मग घेतल्या. सिंदखेडराजाला खाली उतरून एका लिंबाखाली चादर टाकली. दशम्या मऊ होत्या. मायने गुळाच्या खड्याशी दीड दशमी खाल्ली आणि तिथेच आडव्या झाल्या.

महिन्याभराने रिसॉर्टचे पत्र आले. "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभारी आहोत. ठेच्याबाबत आचाऱ्यास कळविले आहे." सोबत पुढच्या वेळेसाठी वीस टक्के सवलतीचे कुपन. बाकीच्या तिघांचा उल्लेख नाही. थोरलीने उत्तर लिहून पाठवले आहे. कुपन मी बिलाबरोबर फाईलला लावले आहे, मुदत डिसेंबरअखेर. धाकटा रोज विचारतो, कधी जायचे म्हणून.