थरथरत्या पट्टीचा हिशेब

फूटपट्टी मेजाच्या कडेवर दाबून तिचें मोकळें टोंक छेडण्याचा खेळ ज्यानें शाळेंत केला नाहीं असा वाचक विरळा. बाहेरचा भाग जितका आखूड तितका स्वर उंच, हें आम्हांस लहानपणींच कळलें होतें. त्यामागचा नियम कॉलेजांत शिकलों : लांबी निम्मी केली कीं कंपनसंख्या चौपट होते. ऑयलर व बर्नुली यांनीं अठराव्या शतकांत बसविलेल्या गणितांतून निघणारा हा नियम पडताळून पाहण्याचें काम प्रयोगशाळेंत आमच्या वांट्यास आलें.

पडताळा जमेना. आमची पोलादी पट्टी दर वेळीं गणितापेक्षां मंद थरथरे. गणित पट्टीचें मूळ अचल धरतें. आमच्या शिकंज्याचे दांते झिजलेले होते, हें आम्हांस ठाऊक होतें. तरीहि तास संपत आला तेव्हां वहींतले आंकडे आम्हीं हळूच गणिताकडे सरकविले. गुण उत्तम मिळाले.

हें आजवर कोणास सांगितलें नव्हतें. परंतु यंदा दिवाळींत भाची घरीं आली आणि विषय निघाला. १९८६ सालीं बिनिग, क्वेट व गर्बर यांनीं पुढें आणलेल्या अणुबल-सूक्ष्मदर्शकावर ती काम करते. त्यांतली सिलिकॉनची पट्टी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी लांब, चार मायक्रॉन जाड. आणि सेकंदाला सुमारें तीन लक्ष वेळां थरथरणारी!

"तुमचा शिकंजा तरी आंवळतां येत होता, मामा," ती म्हणाली. "आमची पट्टी ज्या सिलिकॉनमधून कोरतात तोच तिचा शिकंजा. कोरतांना अम्ल वा क्षार मुळाखालचाहि भाग खातो. मग पट्टी असते त्याहून लांब असल्यासारखी वागते."

तिनें आणखी एक उदाहरण सांगितलें, तें आम्हांस झोंबलें. १९९६ सालीं ट्रेसी, एबेसन व गिब्सन यांनीं कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचीं मोकळीं टोंकें केवळ उष्णतेनें थरथरून धूसर दिसतात हें पाहिलें, व त्या धूसरपणावरून नळ्यांची ताठरता काढली. अकरा नळ्यांची सरासरी १.८ टेरापास्कल आली. पोलादाची सुमारें ०.२. परंतु एकेक आंकडा ०.४० पासून ४.१५ पर्यंत, म्हणजे दहापट पसरलेला ! या हिशेबांत लांबीचा घन व व्यासाचा चतुर्थ घात येत असल्यानें मापनांतली केसभर चूकहि फुगते. त्यांनीं ते सारे आंकडे जसेच्या तसे छापले. आमच्या हातीं ते आले असते तर काय झालें असतें, हें वाचकांस सांगावयास नको.

माळ्यावरून ती जुनी वही काढली. खोडलेले पेन्सिलीचे आंकडे पान तिरपें धरलें म्हणजे अजून दिसतात. भाचीनें ते उतरवून घेतले. कंपनसंख्या शेंकडा चार कमी, म्हणजे लांबी शेंकडा दोन जास्त. तीस सेंटिमीटरच्या पट्टीला सहा मिलिमीटर. शिकंज्याचे दांते बहुधा तितकेच झिजले असावेत.