“भाऊजी, हे खातं कोण?”

विस्तार अधिकाऱ्याच्या नोकरीत पगाराखेरीज आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे घरोघरचे जेवण. पीक पाहणीला गेलो, मेळावा झाला, पंचनामा झाला, की कुणी ना कुणी म्हणतेच, “साहेब, दोन घास खाऊन जा.” अशा दोन-दोन घासांवर माझी तीस वर्षे निघाली आणि आपला अहिल्यानगर जिल्हा मला शेतांइतकाच चुलींवरूनही कळला.

आमचे घर माळकरी. आई होती तोवर घरात वशाट कधी शिजले नाही. वडिलांना किंवा मला खावेसे वाटले, तर परड्यात तीन दगड मांडायचे, वेगळे पातेले घ्यायचे आणि जेवण झाल्यावर अंघोळ करून मगच घरात यायचे. त्यामुळे निरनिराळ्या मांसाची चव घेण्याची हौस मला उशिरा लागली, आणि लागली ती चांगलीच. कुठे काही नवे शिजते आहे असे ऐकले की माझी मोटारसायकल आपोआप तिकडे वळायची. या हौसेने मला एक धडा दिला. त्याची किंमत मात्र माझ्या मावसभावाने मोजली. तोच आज सांगणार आहे.

“अपूर्वाईचे मांस” म्हणजे काय, हे मला आधी अकोल्याने शिकवले. भंडारदऱ्याच्या बाजूला पहिला पाऊस झाला, की रात्री बॅटऱ्या घेऊन माणसे ओढ्याकाठी आणि भाताच्या बांधावर खेकडे धरायला निघतात. नांग्या पाट्यावर वाटायच्या, फडक्यातून गाळून तो रस रश्श्यात सोडायचा आणि वर तांदळाची भाकरी. एकदा पुण्याचा पाहुणा माझ्याबरोबर होता. त्याने वाटीचा फोटो काढला, चव घेऊन डोळे मिटले. वाढणारी बाई हसून म्हणाली, “त्यात काय नवल? कोरड्यासाला काही नव्हतं म्हणून केलं.” तिच्या घरचे रोजचे ते पुण्याच्या माणसाचे नवल. चव त्याच वाटीची, पण वाटीभोवती कोण बसले आहे त्यावर सगळे ठरते.

रानातल्या शिकारीचे मात्र मी कौतुक करणार नाही. ससा, तितर, लाव्हा, घोरपड यांच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून मिटक्या मारीत सांगतात. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली आहे, आणि त्यात कैदही होऊ शकते. घोरपडीला तर वाघाइतकेच कडक संरक्षण आहे. ती चव आठवणीतच राहू द्यावी.

आता इमूची गोष्ट.

इमू हा ऑस्ट्रेलियातला पक्षी. उंची पाच-सहा फूट, वजन चाळीस किलोच्या पुढे, उडता येत नाही, पण पळतो घोड्यासारखा. अंडे गडद हिरवे, अर्धा किलोच्या आसपास वजनाचे. १९३२ साली त्याच्या देशात हे पक्षी गव्हात घुसले, तेव्हा सरकारने बंदोबस्ताला मशीनगन घेऊन सैनिक धाडले आणि तेही हात हलवीत परत आले. असा हा पक्षी आधी आंध्रात आणि मग आपल्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या कुंपणात येऊन उभा राहिला. गावोगाव चर्चा एकच, मांसाला मागणी, तेलाला मागणी, कातड्याला मागणी, अंड्याला हजार रुपये.

माझा मावसभाऊ पाथर्डी तालुक्यातला. आम्ही त्याला दादा म्हणतो. चार एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही जानेवारीत तळ दाखवणारी. २००९ च्या दिवाळीत तो एका कंपनीची रंगीत पुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. कंपनीने तीन महिन्यांची पिल्ले द्यायची, याने वाढवायची आणि पुढे अंडी कंपनीनेच परत विकत घ्यायची, असा करार. “भाऊ, तू शेतकी शिकलेला. घालू का पैसे? सांग.”

मी शेतकी शिकलेला होतो, हेच नडले. मी पुस्तके काढली. पक्षी आपल्या हवेत जगेल का? जगेल. रोगराई कमी का? कमी. खाद्य किती? मोठ्या पक्ष्याला रोज अर्धा-पाऊण किलो. अंड्यावर कधी येईल? दीड-दोन वर्षांत, हिवाळ्यात. हे सगळे खरे होते. एकही आकडा मी खोटा सांगितला नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. पुस्तिकेतल्या चित्राकडे बघून त्या म्हणाल्या, “भाऊजी, पण हे खातं कोण?”

मी हसलो. म्हणालो, “वहिनी, मोठमोठ्या हॉटेलांत जातं हे, परदेशात जातं.” हे मी त्या पुस्तिकेतच वाचले होते. मुंबई-पुण्याच्या एकाही हॉटेलात मी चौकशी केली नव्हती. वहिनी गप्प झाल्या. पुढे सहा जोड्या आल्या, जोडीला अठरा हजार प्रमाणे एक लाख आठ हजार रुपये. जाळीचे कुंपण वेगळे. त्यासाठी वहिनींच्या पाटल्या मोडल्या आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर बसले.

पक्षी छान वाढले. २०११ च्या हिवाळ्यात हिरवी अंडी आली तेव्हा दादाने मला मुद्दाम बोलावून दाखवली. कंपनीची गाडी अंडी घेऊन गेली. पैसे निम्मे दिले, निम्मे “पुढच्या फेरीला”. ती पुढची फेरी आलीच नाही. फोन लागेना, कचेरीला कुलूप. २०१२ चा पाऊस गेला, दुष्काळ पडला, जनावरे चारा छावणीत गेली. पण छावणीत इमूला कोण घेणार? माणसांना टँकरचे पाणी आणि कुंपणात बारा पक्षी रोज सात-आठ किलो खाद्य मागत उभे. त्याच वर्षी तमिळनाडूत, इरोड जिल्ह्यातल्या पेरुंदुराईला, हजारो गुंतवणूकदारांचे पैसे बुडवणारे इमूचे प्रकरण फुटले, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

हिशेब साधा होता. या धंद्यात मांस कुणी विकतच नव्हते. अंड्याला भाव होता तो खाण्यासाठी नव्हे, तर त्यातून पिल्लू काढून पुढच्या शेतकऱ्याला विकण्यासाठी. पुढचा शेतकरी मिळत होता तोवर गाडी चालली. तो मिळेनासा झाला त्या दिवशी हिरवे अंडे फक्त हिरवे अंडे राहिले.

२०१३ च्या उन्हाळ्यात दोन पक्षी मेले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, “मरून जाण्यापेक्षा कापा तरी. बघू तरी काय आहे ते.” दादाने मला बोलावले. मी गेलो, पण जाताना आयुष्यात पहिल्यांदा मला नव्या मांसाची हौस वाटत नव्हती.

गावचे मुलाणीचाचा आले. त्यांनी हजारो बोकड सोलले असतील, पण त्या पक्ष्यापुढे तेही जरा थांबले. चौघांनी धरून ठेवावा लागला. सोलल्यावर सगळ्यांना पहिला धक्का बसला. कोंबडीसारखी छाती या पक्ष्याला नसतेच. उडायचे नसल्यामुळे छातीवर मांस धरत नाही. जे काही असते ते मांड्यांत आणि तंगड्यांत. चाळीस किलोच्या पक्ष्यात हाड काढून मांस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आणि पाठीवर चरबीचा जाड थर. याच चरबीचे तेल सोन्याच्या भावाने जाते असे पुस्तिकेत होते. पण ते शुद्ध करणारे यंत्र काय वहिनींच्या चुलीशेजारी होते?

मांस लालभडक, कोंबडीपेक्षा मटणाच्या जवळचे. वहिनींनी परड्यात चूल मांडली. कांदा-खोबरे भाजून वाटले, घरचा काळा मसाला टाकला आणि बोकडाचे मटण शिजवावे तसे शिजायला ठेवले. तिथेच चुकले. या मांसात चरबी जवळपास नाही, ती सगळी पाठीवर. अशा मांसाला मुरलेल्या बोकडासारखे रटरटत ठेवले की ते आवळते आणि दोरीसारखे होते. ही गोष्ट मला तरी कुठे ठाऊक होती? रश्श्याला तरी आली ती वरून सोडलेल्या तेलाची. चव म्हणाल तर वाईट नव्हती. किंचित गोडसर, वास नाही. पण चावता चावता दाढा दुखल्या. पोरांनी रस्सा चुरून खाल्ला आणि फोडी ताटाच्या कडेला लावल्या. दादा ताटावर बसलाच नाही. बाजेवर पाठ करून पडून राहिला.

उरलेल्या मांसाचे वाटे लावले, दीडशे रुपये किलोने. मटण तेव्हा त्याच्या दुपटीहून महाग होते. बघायला निम्मे गाव आले, वाटे गेले चार. एक म्हातारे म्हणाले, “पाहुण्याला काय म्हणून वाढायचं हे?”

त्या वाक्यावर मी घरी येईपर्यंत विचार करीत होतो. आपल्या गावात मांस केवळ पोटासाठी शिजत नाही. जत्रेला बोकड लागतो, नवसाला लागतो, कंदुरीला लागतो, जावई आला की लागतो. आखाडात सगळे मिळून खातात आणि श्रावण लागला की पातेले पालथे पडते. एकादशी, सोमवार, नवरात्र पाळणारी घरे वेगळीच. बोकडाला देव आहे, पीर आहे, पाहुणा आहे. पंधरा-वीस किलोचा बोकड सकाळी कापला की दुपारपर्यंत त्याचे वाटे संपतात. इमूला यातले काय होते? ना सण, ना नवस, ना त्याला कसे शिजवायचे हे सांगणारी आजी. वहिनींच्या त्या चार शब्दांत हे सगळे आले होते. माझ्या पदवीत आले नव्हते.

उरलेले पक्षी आखाडात एकेक करून मातीमोल गेले. दोन एकाने हौसेने नेले. सोसायटीच्या कर्जाची नोटीस दादाच्या घरी आली तेव्हा मी काही रक्कम भरली. ती त्याने पुढे परत केली. “तू भर” असेही तो म्हणाला नव्हता आणि “तू फसवलंस” असेही कधी म्हणाला नाही. म्हटला असता तर बरे झाले असते.

त्यानंतरही नवी जनावरे, नवे पक्षी येतच राहिले. जपानी बटेर आले. १९७४ साली इज्जतनगरच्या संशोधन केंद्राने आणलेला हा पक्षी पाच आठवड्यांत कापायला तयार होतो, अंडे मात्र दहा ग्रॅमचे. शहराजवळ, ढाब्यांना रोज पुरवठा करता येत असेल तर तो चालतो. आडगावात घरोघर विकायला निघालात तर एका पक्ष्यात एका माणसाचेही भागत नाही. मग कडकनाथ आला. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही अस्सल जात, आदिवासींनी जपलेली. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मी खाल्ली आहे. मांस काळे, हाडेही काळसर, चव गावरान कोंबडीसारखी घट्ट. आमच्या घरी पहिल्यांदा पातेले उघडले तेव्हा मुलीने विचारले, “करपलं का?” कोंबडीत खोट नाही. पण २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे जे कडकनाथ प्रकरण गाजले, त्यात पुन्हा तेच होते. पिल्ले द्यायची, अंडी-पक्षी परत घेण्याचा करार करायचा. पक्षी बदलला, सापळा तोच.

त्या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. पाथर्डी-शेवगावकडे जिथे जिथे कडकनाथच्या बैठका झाल्या, तिथे बोलावणे नसतानाही गेलो आणि इमूची गोष्ट सांगितली. कुणी ऐकले, कुणी “साहेब जुन्या वळणाचे” म्हणून हसले.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नवे काही करूच नका असे माझे म्हणणे नाही. द्राक्षे, डाळिंबेही एकेकाळी आपल्याकडे नवीच होती. पण नवे जनावर दारात बांधण्याआधी चार गोष्टी जरूर करा. पहिली, ते मांस पाव किलो विकत आणा आणि घरात शिजवा. विकतच मिळाले नाही, तर तेच तुमचे उत्तर समजा. दुसरी, तुमच्या ओळखीच्या किती घरांत ते गेल्या महिन्यात शिजले ते मोजा. तिसरी, विकणाऱ्याला विचारा, तुमचा पैसा मांस विकून येतो की आमच्यासारख्यांना पिल्ले विकून? चौथी, कंपनी उद्या उठून गेली तर हे जनावर घेऊन कोणत्या बाजारात जायचे? बोकड घेऊन घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात उभे राहा, संध्याकाळी पैसे खिशात असतात.

दादाच्या दारात आज संगमनेरी शेळ्या आहेत. आपल्याच जिल्ह्याची जात, दूधही देते आणि करडेही. सुरुवात वहिनींनी माहेराहून आणलेल्या दोन शेळ्यांपासून झाली. सोसायटीचे कर्ज त्यांच्याच बोकडांनी फेडले. पाटल्या अजून झालेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात एक तरुण माझ्याकडे आला, मोबाईलवर कुठल्याशा नव्या पक्ष्याचा व्हिडिओ घेऊन. खाद्य किती, रोग कोणते, हवा मानवेल का, सगळे विचारून झाले. मी म्हटले, “ते सगळं सांगतो. आधी घरी जा आणि तुझ्या आईला हे दाखव. ती काय विचारते ते मला येऊन सांग.”