आडवी बाटली

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात वसमतजवळ एका मित्राच्या शेतावर आम्ही सहा जण हुरड्यासाठी जमलो होतो. हुरडा दर वर्षीचाच. या वेळी नवे होते ते नाशिकहून आलेल्या मित्राचे खोके. एम.ए.च्या वर्गातला हा आमचा सोबती पुढे नाशिकला स्थायिक झाला आणि तिथल्या द्राक्षमळ्यांच्या सहवासात वाईनचा जाणकार झाला. सहा बाटल्या, प्रत्येकीसाठी एक छापील कार्ड आणि त्या कार्डावर चवीचे वर्णन लिहिण्यासाठी रिकाम्या ओळी, असा सगळा सरंजाम त्याने आणला होता. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचा मान राखून एक दिवसाचे परवानेही त्याने आमच्या हाती ठेवले. प्यायला परवाना लागतो, हे आमच्यापैकी चौघांना त्या दिवशी प्रथमच कळले. पेले मात्र तो विसरला होता. तेव्हा चहाच्या काचेच्या पेल्यांवर भागवले.

हिंगोली जिल्ह्यात वाईनची संध्याकाळ ही कल्पनाच थोडी हास्यास्पद, हे मान्य. हा मुलूख हळदीचा, सोयाबीनचा, कापसाचा. पांढऱ्या वाईनच्या बाटल्या थंड करायच्या म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून हौदात सोडल्या, आणि आगटीत गोवऱ्या पेटेपर्यंत पहिली बाटली उघडली.

कार्डावर नमुन्यादाखल इंग्रजी वर्णने दिली होती. त्यांत ब्लॅककरंट होते, सीडरचे लाकूड होते, लिची होती. ब्लॅककरंट सहापैकी एकानेही खाल्लेले नव्हते. सीडर कोणी हुंगलेले असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही इतिहासाच्या सरांनी पहिला घोट घेऊन गंभीरपणे मान हलवली आणि कार्डावर ‘लिची’ असे लिहिले. लिची त्यांनी केव्हा खाल्ली, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘वाचली आहे.’ आम्ही हसलो खरे. पण वर्गात मी स्वतः ‘अस्तित्ववादी परात्मता’ हे शब्द किती वेळा याच पद्धतीने फळ्यावर लिहिले आहेत, ते आठवून मला ते हसणे पुरते सुखाचे झाले नाही.

कोंडी फुटली ती लाल वाईनवर. शिराजचा घोट घेताच यजमानाने जीभ टाळूला लावली आणि म्हणाला, ‘तुरट.’ नाशिककर आनंदाने उडालाच. लाल वाईन द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात. त्या साली-बियांतून जे टॅनिन उतरते, त्याची ओळख इंग्रजी बोलणाऱ्या नवशिक्याला करून देताना फार सायास पडतात, कारण तो त्याला ‘कडू’ म्हणून मोकळा होतो. आपल्याकडे सहा रसांत कषाय पूर्वीपासून बसलेला आहे, आणि बोर, जांभूळ, सुपारी, आवळा खाणाऱ्या पोराला तो शिकवावा लागत नाही. मग शब्दांचा पाऊसच सुरू झाला. जांभळाची साल. कच्चा पेरू. ओले गोणपाट. हळद शिजवतानाच्या कढईची वाफ. मातकट, राखट, ओशट, कच्चट, कुबट. एका बाटलीला तर ‘उन्हात वाळत घातलेल्या चिंचेचा वास’ असा शेरा मिळाला आणि तो सहाही जणांना पटला.

अर्थात, हा देशीपणाचा विजय म्हणून साजरा करण्याची घाई मी करणार नाही. नेमाड्यांचे नाव आमच्यात निघालेच. ते निघाल्यावाचून मराठीच्या चार प्राध्यापकांची बैठक उठत नाही. पण इंग्रजीतली वाईनची परिभाषा तरी कुठे स्वयंभू आहे? कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८४ साली वासांचे चक्र मांडले, तेही याच खटपटीतून: ‘भारदस्त’, ‘डौलदार’ असली पोकळ विशेषणे टाकून द्यावीत आणि ज्या वासाची वस्तू हातात धरता येते तिचेच नाव घ्यावे. आणि वस्तूचे नाव घेतले तरी जीभ खरे बोलतेच असे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील एका प्रयोगात पांढऱ्या वाईनला बेचव लाल रंग दिला, तेव्हा वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिला लाल वाईनची विशेषणे बहाल केली. डोळ्याने आधी ठरवले, नाकाने मागून सही केली. कवीचे नाव वाचून मग कविता वाचणाऱ्या आपल्या व्यवसायाबद्दल या प्रयोगाने काय सिद्ध होते, हा प्रश्न इतिहासाच्या सरांनी विचारला. लिचीचा सूड, दुसरे काय!

तोवर हुरडा तयार झाला. गरम कणसे हातावर चोळून काढलेले ते हिरवे, दुधाळ दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, दही, गूळ, बोरे. शिराजबरोबर ठेचा खाऊ नका, असे नाशिककराने बजावले होते. म्हणून तो आधी तसाच खाल्ला. ठेच्याची आग मद्यार्काने भडकते आणि तुरटपणा तिच्यात भर घालतो. दोघांच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र किंचित गोडसर शेनिन ब्लां आणि हुरडा यांची जोडी जमली ती अशी, की काही वेळ कोणी बोललेच नाही. दाण्याचा दुधाळ गोडवा, गोवरीच्या धुराचा पुसट वास आणि त्यावर त्या वाईनची आंबटसर धार. भरताने नाट्यशास्त्रात रसाचा अर्थ सांगताना थेट जेवणाचा दृष्टान्त दिला आहे: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना सुमनस माणूस जसा रस आस्वादतो, तसा प्रेक्षक. ‘सुमनस’ हा शब्द मी इतकी वर्षे शिकवला. त्याचा अर्थ आगटीच्या उबेला बसून जरा अधिक कळला.

मग मीच एक निरुपद्रवी वाटणारा प्रश्न काढला. चवीचे एवढे शब्द मराठीत असताना ते दारूला कधी का लागले नाहीत? आम्ही मोजू लागलो. ढोसणे, झोकणे, टाकणे, लावणे, चढणे. तर्र, टल्ली, टुन्न, झिंगलेला. सारे शब्द पिण्याच्या क्रियेचे किंवा परिणामाचे. चवीचा एकही नाही. हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा आबकारी हे सरकारच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. शिंदी इथे पिढ्यान्‌पिढ्या प्यायली गेली. सकाळची गोड नीरा उन्हे चढतील तशी आंबत जाते, एवढा भेद लोक करत. पण पुढे हातभट्टी आली आणि तोही संपला. जे चव लागू नये म्हणून एका दमात घशाखाली उतरवायचे, त्याला विशेषण कोण शोधणार? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू की नव्हे’ यावर महाराष्ट्रभर रणकंदन झाले. नाशिककर ‘नव्हे’च्या बाजूने सविस्तर बोलत होता.

तेवढ्यात यजमानाच्या आई धपाटे घेऊन आल्या. आम्ही पेले मागे सारले. पन्नाशीतली माणसे, पण सारले. काकूंचे लक्ष पेल्यांकडे नव्हते, खोक्याकडे होते. त्यात शेवटची, कॅबर्नेची बाटली होती.

‘ही आडवी काहून ठिवली?’

नाशिककराने हौसेने समजावले. पांढऱ्या वाईनला फिरकीचे झाकण असते, तिचे काही नाही. हिला बूच आहे, बूच ओले राहिले पाहिजे, वाळले तर हवा शिरते आणि वाईन बिघडते. म्हणून चांगली बाटली नेहमी आडवी ठेवायची.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. ‘आमी बी आडवीच केल्ती,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी तिला पुन्ना उभी करनार का?’

नाशिककराला कळले नाही. आम्हा बाकीच्यांना कळले. गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान घेतात, त्या मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. घरात बसून राहिलेल्या प्रत्येक बाईचे मत आपोआप उभ्या बाटलीला मिळाल्यासारखेच. काकू त्या वेळी घरोघर फिरल्या होत्या. थोरला मुलगा जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. तो कशाने गेला हे आम्हाला ठाऊक होते. आमच्यातल्या दोघांनी त्याला खांदा दिला होता. आणि तरी दिवसभरात, परवाने वाटताना, कार्डे भरताना, ‘ढोसणे’ आणि ‘झोकणे’ मोजून हसताना, त्याची आठवण आमच्यापैकी कोणीही काढली नव्हती. त्याच्या धाकट्या भावानेही नाही. किंवा त्याला ती आली असेल, आणि आमच्या शब्दखेळात बोलून दाखवण्याजोगी जागा सापडली नसेल. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो आगटीतला विस्तव उगाच सारखा करत होता.

काकूंच्या स्वरात राग नव्हता. त्यांनी प्रत्येकाच्या ताटात धपाटे वाढले, दही घेतले का विचारले, आणि त्या खळ्याकडे परत गेल्या. त्यांना उत्तर कोणी दिले नाही. नाशिककराला मी नंतर हळू आवाजात सगळे सांगितले. त्याने कार्डे गोळा केली आणि खिशात ठेवली.

ती सहावी बाटली उघडली गेली नाही. निघताना ती न्यायला कोणी तयार होईना, म्हणून माझ्याकडे आली. घरी पुस्तकांच्या कपाटात, खालच्या फळीवर, शब्दकोशांच्या मागे ती ठेवली आहे. आडवी.