बालाघाटाच्या चढावर रुसणारी गाडी

सोलापूर सोडून तुळजापूरच्या वाटेला लागलात, की तामलवाडीपर्यंत गाडी मजेत पळते. दोन्ही अंगांना मोकळी रानं, मधूनच एखादी द्राक्षबाग. मग समोर बालाघाटाची रांग दिसू लागते, रस्ता वर चढतो आणि चढाच्या माथ्यावर आई तुळजाभवानीचे गाव लागते. सोलापूर ते तुळजापूर अंतर म्हणाल तर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. पुढे धाराशिव, येडशी आणि येरमाळा. येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे येतात, आणि तीही नेमकी उन्हाच्या कहरात.

याच दिवसांत या रस्त्यावर एक चित्र हमखास दिसते. कडेला गाडी उभी, बोनेट उघडे, बायकापोरे बाभळीच्या तुटपुंज्या सावलीला. सकाळी एका सेल्फात सुरू झालेली गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि काही केल्या पुन्हा सुरू होत नाही. तासाभराने मात्र जणू काही झालेच नाही अशी चालू लागते! मंडळी, या रोगाची खरी अडचण हीच आहे. मिस्त्री येईपर्यंत गाडी गार होते, दोष लपतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, पैसे जातात आणि पुढच्या चढावर गाडी पुन्हा उभी. घरात बाळंतीण किंवा दुखणेकरी असेल, तर अशा गाडीचा भरवसा धरणे जिवावर बेतू शकते. म्हणून रोग कसा ओळखायचा, हे प्रत्येक गाडीवाल्या घराला ठाऊक हवे.

गाडी बंद पडली की आधी ती कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा आणि माणसांना रस्त्यापासून दूर बसवा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलायला विसरू नका. रात्री दुचाकीवरून येणाऱ्याचा तो घात करतो. मग उष्णतेचा काटा पाहा. काटा लाल खुणेवर असेल तर गाडी सुरू करण्याचा नादच सोडा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, उकळते पाणी तोंडावर उडते. तो रोग वेगळा.

काटा ठीक असेल तर सेल्फ मारून पाहा. इंजिन फिरतच नसेल, नुसता कट् असा आवाज येत असेल, तर दोष बॅटरीच्या टोकांत, अर्थिंगच्या पट्टीत किंवा खुद्द सेल्फमध्ये. इंजिन फिरते पण पेट घेत नाही, असे असेल तर दोनच गोष्टी तपासायच्या: प्लगला करंट येतो का आणि इंजिनाला पेट्रोल पोचते का.

याचे अर्धे उत्तर गाडी कशी बंद पडली त्यातच असते. दिवा मालवावा तशी एकदम बंद पडली, तर संशय करंटवर घ्या. आधी आचके दिले, जोर कमी झाला आणि मग बंद पडली, तर पेट्रोलवर.

पेट्रोलचे कारण शेतकऱ्याला समजावून सांगायची गरजच नाही. विहिरीवरच्या पंपाच्या पाइपात हवा शिरली की पंप नुसता फिरतो, पाणी टाकत नाही. इथेही तसेच होते. पेट्रोलमधला हलका भाग 35-40 अंशांपासूनच उकळू लागतो. बोनेटखाली तर उष्णता त्याहून कितीतरी जास्त. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा छोटा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. नळीत पेट्रोलची वाफ झाली की तो पंप रिकामाच धडपडे. सोलापूरचेच सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिची पद्मिनी आणि तिच्या जोडीची अॅम्बॅसेडर या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावल्या. त्या काळचे अनुभवी ड्रायव्हर उन्हाळ्यात पाण्याचा कॅन आणि फडके जवळ ठेवत. पिळलेले ओले फडके पंपावर आणि नळीवर ठेवले की दहा-पंधरा मिनिटांत वाफ विरे. तापलेल्या इंजिनावर मात्र पाणी ओतू नका. लोखंडाला तडा जाईल.

एक गंमत ध्यानात ठेवा. चालत्या गाडीपेक्षा नुकतीच थांबवलेली गाडी आतून जास्त तापते, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबलेले असतात. म्हणून घाट चढून आल्यावर चहासाठी दहा-वीस मिनिटे थांबलात तर गाडी रुसते, आणि दर्शनाच्या रांगेत दोन तास गेले तर मुकाट सुरू होते. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर समजा की आत पेट्रोल जास्त झाले आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा वेळी अॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुन्हा पुन्हा पंप करू नका. टाकीचे झाकण उघडून पाहा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचे भोक बुजले आहे. मोटारसायकलीतही हा दोष नेहमी सापडतो.

करंटचा संशय असेल तर जुन्या गाडीत कॉइल आणि कंडेन्सर पाहा. कॉइलच्या आतली तार तापून करंट तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. इंजिन बंद असताना स्विच चालू ठेवू नका, त्यानेही कॉइल तापते. नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीत असतो, त्यामुळे वाफेचा त्रास क्वचितच होतो. पण त्यांतला क्रँक सेन्सर कॉइलसारखाच दगा देतो: तापला की मुका, निवला की बोलका. स्विच चालू करताच मागच्या सीटखाली दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली, तर पंपाला वीज मिळते असे समजा. मुळीच आवाज नसेल तर पंप, त्याचा रिले आणि फ्यूज तपासायला सांगा.

आणखी एक गोष्ट. आपल्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येते; 2025 पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या फुगल्या, चिरल्या तर वेळीच बदला.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर टिपून न्या: किती किलोमीटरनंतर बंद पडली, एकदम की आचके देत, सेल्फ फिरला का, किती वेळाने सुरू झाली. आणि त्याला सांगा, गाडी आधी चांगली तापवा, बंद पडू द्या, मग तपासा. या चार ओळींनी उगाच बदलले जाणारे दोन भाग वाचतील.

तोवर थांबावे लागले तर आपला जिल्हा काही रिकामा नाही. हैदराबादच्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला आणि त्याचा पाणीमहाल आहे. येडशीला रामलिंगाच्या घळीत गर्द झाडी आहे. तेरला संत गोरोबाकाकांचे मंदिर आहे, आणि रोमशी व्यापार करणाऱ्या प्राचीन तगर नगरीच्या वस्तू तिथल्या संग्रहालयात आहेत. शक्य असेल तर चैत्र-वैशाखात पहाटेच निघा. गार वाऱ्यात घाट चढून जाल, आणि ऊन तापायच्या आत देवीच्या पायऱ्यांवर असाल.